पित्त आणि पित्ती

दादाच्या अंगावर पहिल्यांदा चट्टे उठले तेव्हा हॉस्पिटलला फोन मी केला होता, आणि तो फोन मी जाणूनबुजून अर्धवट सोडला. हे दादाला माहीत नाही, वहिनीला नाही, माझ्या बायकोलाही नाही.

हवाई दलातून निवृत्त झाल्यावर दादा लखनौलाच राहिला, वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत. मीही इथेच, गोमती नगरला, सरकारी नोकरीत. त्याला रक्ताचा कर्करोग निघाला आणि भावंडांपैकी फक्त माझा बोन मॅरो जुळला. मी दिला. मग दीड-दोन महिने मी घरातला देव होतो. नागपूरहून फोन यायचे, "भावाला जीव दिला रे बापा!" दादाचा रक्तगटही हळूहळू माझाच होणार होता. तो वहिनीला म्हणायचा, "आता मी निम्मा हा झालो. चहात साखर जास्त टाक, अन् काम सांगू नको." सगळे हसायचे. मीही.

घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्याच्या तळहातांवर आणि कानांमागे लाल चट्टे दिसले. वहिनी म्हणाली, "भाऊजी, पित्त उठलं वाटते. विचारून घ्या ना एकदा." आमच्याकडे अंगावर असं काही उठलं की ते पित्तच.

मी फोन लावला. सिस्टर घाईत होती.

"भैया को पित्त हो गया है."

"अच्छा. खट्टी डकार? सीने में जलन?"

"हाँ... थोड़ा."

"गैस वाली गोली चालू रखिए, खाली पेट. बुखार आए तो ले आइए."

हिंदीत पित्त पोटातलं. अंगावर उठते ती पित्ती. एका वेलांटीचा फरक, आणि वीस वर्षं लखनौत काढलेल्या माणसाला तो कळत नाही असं नाही. ती डकार, म्हणजे ढेकर, म्हणाली त्याच क्षणी मला कळलं होतं. 'नहीं सिस्टर, हथेली पर चकत्ते हैं', तळहातांवर चट्टे आहेत, एवढंच म्हणायचं होतं.

म्हणालो नाही. डिस्चार्जच्या वेळी मिळालेली पुस्तिका घरात फक्त मी वाचली होती. तळहातांवर पुरळ दिसलं तर त्याच दिवशी या, असं त्यात होतं. दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीराला परकं समजतात आणि त्याच्यावरच उठतात, असंही होतं. दाता मी. माझं रक्त माझ्याच भावाला ओळखत नाही, हे मला चारचौघांत ऐकायचं नव्हतं. दोन दिवस बघू, जाईल आपोआप, असं ठरवलं. वहिनीला सांगितलं, "विचारलं. पित्ताची गोळी चालू ठेवा म्हणाले."

चार दिवस गेले. कातडी भाजल्यासारखी झाली, डोळे पिवळे पडले, जुलाब थांबेनात. शेजाऱ्यांच्या गाडीत घालून नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "ये चकत्ते कब से हैं?" दादा ग्लानीत होता, वहिनी खाली औषधं आणायला गेली होती.

मी म्हणालो, "कल से."

दादा वाचला. वाचला म्हणायचं. पण आज त्याच्या अंगाची कातडी चामड्यासारखी आवळली आहे, मूठ वळत नाही, डोळ्यांना पाणी येत नाही म्हणून तासातासाला थेंब घालावे लागतात. विमानांची इंजिनं उघडून बसवणारा माणूस, त्याच्या शर्टाची बटणं वहिनी लावते. डॉक्टर एकदा म्हणाले होते, कधीकधी वेळेवर आणूनही असं होतं. त्या वाक्यावर मी बरेच दिवस काढले. पण ते वाक्य माझ्या 'कल से'वर उभं होतं.

दादा दुसऱ्यांदा ॲडमिट असताना हॉस्पिटलच्या जिन्यात वहिनी मला म्हणाली, "भाऊजी, एक सांगू? मी त्यांना पेरू दिला होता. दोनच फोडी. फार मागत होते हो. कच्चं फळ मना होतं ना? माझ्याच हातानं झालं हे."

पेरूचा त्या चट्ट्यांशी काही संबंध नाही, हे सांगू शकणारा घरात मी एकटाच होतो.

"जाऊ द्या वहिनी," मी म्हणालो. तिनं न केलेला गुन्हा मी मोठ्या मनानं माफ केला.

हळूहळू ते नात्यागोत्यात पसरलं. आमची आक्का अजूनही फोनवर टोमणा मारते, "पुरव बाई नवऱ्याच्या जिभेचे लाड!" वहिनी ऐकून घेते. ठेल्यावर पेरू दिसले की मान फिरवते. पुतणी वैतागते, "चाचा, आप ही समझाइए ना मम्मी को." मी बशीत चहा ओततो, फुंकत बसतो.

दादाच्या हातांचं मी जे केलं ते आता फिटणार नाही. वहिनीचं फिटू शकतं, आणि मी फेडलेलं नाही. सिस्टरचा गैरसमज कळूनही मी गप्प राहिलो, डॉक्टरांशी खोटं बोललो, तुमच्या हातून काहीच झालं नाही, एवढं वहिनीसमोर बसून सांगणं, हे माझ्यावर तिचं देणं आहे.