साडेनऊचं फाटक

आमच्या गल्लीत शमुवेल निर्मळ राहतात. हर्सूलच्या जेलात बत्तीस वर्षं हवालदारकी केली. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण माणूस अजून ड्युटीवरच आहे. सकाळी दूध आणायला निघाले की आधी गल्लीतली कुत्री मोजतात. एकदा न राहवून मी विचारलं, "भाऊजी, कुत्री कशापायी मोजता?"

"वहिनी, काल सात होती. आज सहा. चौकशी नको व्हय?"

माझी खिडकी बरोबर त्यांच्या दारावर उघडते. त्यात माझा दोष नाही, बिल्डरचा आहे.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या ख्रिस्ती मंडळीतल्या लोकांनी त्यांना चर्चचे सेक्रेटरी केलं. त्याआधी साडेनऊची उपासना दहाला सुरू व्हायची, सव्वादहाला माणसं जमायची आणि जाताना ज्याला जी चप्पल बसेल ती घालून घरी जायची. निर्मळ भाऊजींनी महिनाभरात सगळं सरळ केलं. चपला रांगेत, पोरं पुढच्या सतरंजीवर, म्हाताऱ्यांना पंख्याखालची जागा. खोटं कशाला बोला, लोक खूश झाले. पण त्यांनी साडेनऊच्या ठोक्याला फाटकाला वीतभर लांबीचं कुलूपही लावलं, आणि प्रार्थनेला सगळ्यांचे डोळे मिटले की ते मागून गिनती करायचे. गिनती जमली की पाळकसाहेबांना खूण, मगच प्रवचन. हे मला त्यांच्या बायकोनं, एस्तेरवहिनींनी सांगितलंय, म्हणजे खरंच असणार.

पाळकसाहेबांनी त्यांना दोन दिवसांच्या नेतृत्व शिबिरालाही पाठवलं. फाईल घेऊन परत आले.

"काय शिकवलं, भाऊजी?"

"पुढाऱ्यानं सेवक व्हायचं म्हणत्यात. आता मी बत्तीस वर्षं सरकारी सेवकच होतो की! त्यात नवीन काय?"

गल्लीच्या टोकाला राहतात फकिरा सांडू तुपे. एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झालेले. या दोघांची तीस वर्षांची दोस्ती. चर्चमध्ये एक बाक, आणि अख्ख्या मंडळीत ढोलकी वाजवणारे फकिराभाऊ एकटे. रोज संध्याकाळी पाचला निर्मळ भाऊजी ओट्यावरून पूर्ण नाव पुकारायचे, "फकिरा सांडू तुपे!" तिकडून आवाज यायचा, "हाजिर!" मग चहा. मी दुधाचं पातेलं त्याच आवाजावर गॅसवर ठेवायचे.

यंदा झावळ्यांच्या रविवारी गडबड झाली. येशू यरुशलेमात आला त्याची आठवण म्हणून त्या दिवशी मंडळी हातात झावळ्या घेऊन गाते. आणि नेमका त्याच दिवशी नळ आला, आठव्या दिवशी. आमच्या गावच्या माणसाला याचा अर्थ सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते, नळ आला की इथला नवरदेव बोहल्यावरून उतरून मोटार चालू करून येतो आणि भटजीसुद्धा थांबतात.

एस्तेरवहिनी झावळ्या लावायला लवकर गेलेल्या. जाताना फकिराभाऊंना सांगून गेल्या होत्या, "भाऊजी, नळ आला तर आमचे बी दोन ड्रम भरा." त्यांनी आधी निर्मळांचे दोन्ही ड्रम भरले, मग आपला, आणि ओल्या पायजम्यानं चर्च गाठलं. नऊ चौतीस. फाटकाला कुलूप, आणि गजांच्या पलीकडं निर्मळ भाऊजी.

"शमू, उघड."

"किती वाजले?"

"चार मिन्टं तर झालीत!"

"आज तुला उघडलं तर उद्या समद्यांना उघडावं लागंल. नियम म्हंजे नियम."

"आन् ढोलकी कोण, तुझा बाप वाजवंल?"

"तू तिथनंच झावळी हलव."

फकिराभाऊंनी झावळी फाटकात खोचली आणि घरी निघून गेले. आत त्या दिवशी ढोलकीशिवाय गाणी झाली. एस्तेरवहिनी म्हणाल्या, "होसान्नाचा जयजयकार असा केला लोकांनी, जणू रेशनच्या रांगेत नाव सांगत्यात."

दुपारी घरी आल्यावर वहिनींनी ड्रमाचं झाकण उघडून दाखवलं. "हे कुणी भरलं, ठाव हाय? त्यापायीच उशीर झाला त्याला."

भाऊजींनी झाकण परत लावलं. पण झाकून सुटका कुठली! पुढचं पाणी आठ दिवसांनी. चहात तेच पाणी, वरणात तेच, आंघोळीलाही तेच. माणूस तोंडावर पाणी मारायलाही बिचकायला लागला. सोमवारी पाचला ओट्यावर येऊन त्यांनी हाक मारली, "फकिरा सांडू तुपे!" तिकडून काही नाही. माझं दूध तसंच राहिलं. मंगळवारी पुन्हा तेच. बुधवारी त्यांनी फकिराभाऊंच्या बायकोला, केसरबाईला, रस्त्यात गाठलं. "त्याला म्हणावं, येत्या रविवारी टायमात हजर राहा. मागचं माफ."

केसरबाई भाजीची पिशवी खाली ठेवून म्हणाली, "भाऊजी, ही माफी हाय का समन्स?"

गुरुवारी संध्याकाळी, उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, चर्चमध्ये पाय धुवायचा कार्यक्रम होता. येशूनं शेवटच्या संध्याकाळी आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण. यंदा पाळकसाहेबांनी ठरवलं होतं की पाय सेक्रेटरीनं धुवायचे. बाराजणांची यादी भाऊजींनी महिन्याआधीच काढली होती. परात माझी मागितलेली, म्हणून मीच ती स्कुटीवर घेऊन गेले.

काय सांगू तो थाट! अकरा बाप्ये पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून खुर्च्यांवर बसलेले. सगळे घरून पाय घासूनच आलेले. गोकुळ म्हणून एक मास्तर आहेत, त्यांनी तर पायाला पावडर लावली होती. भाऊजींनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि सवयीनं मोजायला लागले. अकरा. पुन्हा मोजले. अकराच. बारावी खुर्ची फकिराभाऊंची.

मी हळूच म्हटलं, "भाऊजी, बसू का मी बाराव्या खुर्चीत?"

"वहिनी, त्या बाराजणांत गुरूला धरून देणारा यहूदा बी होता."

"म्हणून तर विचारते. गल्लीत माझं नाव तसंच हाय."

पाळकसाहेब म्हणाले, "करा सुरू, निर्मळ. अकरा तर अकरा."

"टोटल मिळत नाय, साहेब."

"जेलात एखादा कमी पडला तर काय करायचे तुम्ही?"

"घंटा वाजवायची आन् हुडकायला निघायचं." भाऊजी टॉवेलाचं टोक पिळायला लागले. "पण तो पळालेला असायचा, साहेब. ह्याला तर मीच बाहेर काढला."

मग त्यांनी परात उचलली, घरून आणलेला पाण्याचा कॅन उचलला आणि माझ्याकडं बघितलं. "वहिनी, स्कुटी काढा."

अकराजण उघड्या पायांनी बघत राहिले.

मी पुढं, मागं हवालदार, परात छातीशी ढालीसारखी धरलेली. कॅन माझ्या पायांत. सिग्नलला एका रिक्षावाल्यानं विचारलंसुद्धा, "चाचा, कढई बेचने निकले क्या?" भाऊजींचं लक्षच नव्हतं. थोड्या वेळानं मागून बारीक आवाज आला, "वहिनी, माफी कशी मागत्यात?"

"आमच्या ह्यांना विचारून सांगते. त्यांना रोजची सवय हाय."

फकिराभाऊंचं दार बंद. भाऊजींनी कडी वाजवली. आतून आवाज आला, "किती वाजले?"

भाऊजींनी घड्याळ बघितलं. खोटं बोलायची सवय नाही. "सहा चौतीस."

"फाटक साडेसहाला बंद झालं."

मी एवढी हसले की स्कुटी स्टँडवरून घसरली. भाऊजी मात्र हसले नाहीत. "बरोबर हाय," म्हणाले आणि पायरीवर बसले. समोर परात मांडली, तिच्यात पाणी ओतलं. समोरच्या नजमाभाभी दारात आल्या. "क्या हवालदारसाब, कपडे धोने बैठे?"

त्यांनी घसा साफ केला आणि दाराकडं तोंड करून ड्युटीवरच्या आवाजात बोलायला लागले. "रविवार रोजी सकाळी नऊ चौतीसला फकिरा तुपे फाटकावर आला. त्यानं माझेच ड्रम भरले होते. मी त्याला आत घेतलं नाय." इथं रिपोर्ट संपला. पुढचं वाक्य साध्या आवाजात आलं. "कुलूप बरोबर होतं, फकिरा. मी चुकीच्या बाजूला उभा होतो. चुकलं माझं."

आतून केसरबाईचा आवाज ऐकू आला, "अवो, आता तरी." पण कडी निघाली नाही. भाऊजींनी कपाळ पुसलं आणि त्यांना येत होतं तेच केलं.

"फकिरा सांडू तुपे!"

अख्खी गल्ली कान देऊन. बऱ्याच वेळानं आतून आलं, "हाजिर."

दार वीतभर उघडलं आणि फटीतून एक पाय बाहेर आला. एकच. डावा.

"दुसरा?"

"दुसरा रविवारी. नऊ चौतीसला."

भाऊजींनी तो पाय मांडीवर घेतला. टाचेच्या भेगांत वर्कशॉपाचं काळं इतक्या वर्षांनीही तसंच होतं. ते बोटानं हळूहळू घासत राहिले.

"पाणी लई गार हाय," दाराआडून तक्रार आली.

"तूच भरलंस."

आत फकिराभाऊ फस्सकन हसले. पाय इतका हलला की अर्धं पाणी हवालदाराच्या शर्टावर.

आम्ही परत गेलो तेव्हा अकराजणांचे घरून घासून आणलेले पाय पुन्हा मळले होते. पाळकसाहेबांनी विचारलं, "टोटल?"

"साडेअकरा, साहेब."

पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, मी परात आणायला चर्चवर गेले. म्हणजे घरी तसंच सांगून निघाले. साडेनऊ वाजले, फाटकाला कुलूप लागलं. पण भाऊजी या खेपेला बाहेर, किल्ली हातात, उन्हात उभे. आत उपासना गिनतीशिवाय सुरू झालेली. उशिरा धावत आलेल्या दोघा-तिघांना त्यांनी आधी झापलं, मग उघडून आत सोडलं.

फकिराभाऊ नऊपासून कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर बसून होते, हे मी बघितलंय. बरोबर नऊ चौतीसला गळ्यात ढोलकी अडकवून आले.

"दुसरा आणलाय."

भाऊजींनी फाटकामागून परात काढली, पाण्याची बाटली काढली आणि तिथंच जमिनीवर बसले.

"अरं, येडा झाला का? आत गाणं सुरू झालंय!"

"बूट काढ आधी."

"शमू, उशीर होतोय!"

"होऊ दे."