वास गेलेली येळवस

म्हातारपणाविषयी मला सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल, तर तो लोकांच्या खांदे उडवण्याचा. एसटीची पायरी गुडघ्याला झेपत नाही, औषधाच्या पाकिटावरची अक्षरं मुंगीएवढी, आणि विचारायला जावं तर उत्तर ठरलेलं: वयोमान. मी गावोगाव फिरून यावर पत्रकं वाटते, सभेत बोलते, भांडते. पण मोठी माय जेवेनाशी झाली, तेव्हा कुणाशी भांडावं हेच मला कळेना.

मोठी माय म्हणजे माझी थोरली चुलती. परंड्याकडच्या आमच्या गावात तिच्या नाकाचा दरारा होता. वैरणीची पेंढी आतून भिजलेली आहे, हे ती दावणीला उभी राहून सांगायची. लहानपणी मी शाळेतून आले की माझं डोकं जवळ ओढून हुंगायची आणि म्हणायची, "आज ताप येणार बघ हिला." आणि यायचा. तिच्या लुगड्याला लसणाच्या फोडणीचा, धुराचा आणि ताकाचा मिळून एक वास असे. थंडीत मी त्या पदरात तोंड खुपसून झोपायचे. आज इतकी फिरते, इतक्या घरी जेवते, पण तो वास पुन्हा कुठं भेटला नाही.

गेल्या दोनेक वर्षांत तिचं नाक हळूहळू विझत गेलं. दूध करपलं तरी ती शेजारीच बसलेली. मग चवही गेली. भाकरीचा तुकडा तोंडात घोळवायची आणि ताटात ठेवून द्यायची. "मातीगत लागतंय गं," म्हणायची. दवाखान्यात वयोमान सांगितलं. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरायला लागल्या. मी रागावले, विनवलं, ताटावर पहारा दिला. ती शांतपणे म्हणाली, "देवानंच चव काढून घेतली. म्हंजी आता ताटावरनं ऊठ म्हणतोय. त्याचं ऐकू दे मला."

यावर काय पत्रक काढणार?

तशात येळवस आली. मार्गशीर्षातली ही अमावस्या आमच्याकडं शेतात साजरी होते. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभारायचं, आत चुना लावलेले पाच दगड मांडून पांडव पुजायचे, आणि आंबील-भज्जीचा नैवेद्य. आंबील म्हणजे ताकात आंबवलेलं ज्वारीचं पीठ. भज्जी म्हणजे तूर, हरभरा, वाटाणा, शेंगदाणे, पातीचा कांदा, जे शिवारात असेल ते सगळं एकत्र शिजवलेलं. बहुतेक घरांत ते रात्रीच रांधून डोक्यावरून नेतात. आमच्यात चूल बांधावरच पेटते, आणि ती मोठी मायच पेटवते. नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी जिभेला काही लावायचं नाही. इतकी वर्षं तिनं ते भलंमोठं पातेलं नुसत्या वासावर चालवलं.

"औंदा चाखून बघ की," मी म्हटलं. "कोण बघतंय?"

"मी बघतीय की," ती म्हणाली. आणि मग खालच्या आवाजात, "जळका नैवेद्य गेला देवापुढं, तर पुन्हा चुलीपुढं बसणार न्हाय मी. आन् ताटापुढं बी."

ती बोलते ते करते. म्हणून मी चुलीशेजारी तिचं नाक होऊन बसले. बसले, पण माझा स्वभाव मला बसू देत नाही. थोरला रस्ता खोदलेला, म्हणून त्या दिवशी करमाळ्याची एसटी आमच्या शेताकडच्या रस्त्यानं आली आणि नेमकी तिथंच बंद पडली. म्हातारी माणसं उन्हात उतरवलेली दिसली आणि मी कंडक्टरशी भांडायला धावले. बाकीच्या बायका पांडवांच्या पूजेत. चुलीपाशी मोठी माय एकटी.

भांडण रंगात असताना मागून आवाज ऐकू आला. त्याच एसटीतून उतरलेली एक म्हातारी बाई काठी टेकत बांधावरून आमच्या चुलीकडं चालली होती.

"अहो बाई, खाली लागतंय बघा."

मोठ्या मायनं लाकडं ओढली. मी पळत पोचले तोवर तिचा चेहरा पांढरा पडला होता. "जळलं का?" तिनं त्या अनोळखी बाईला विचारलं. मला नाही.

बाईनं वाकून वास घेतला. "बुडाला धरलंय. वरच्याला कायबी न्हाय. खरडू नका, वरचं वर काढा दुसऱ्या भांड्यात." तिचे दोन्ही हात सारखे थरथरत होते. "मीच काढलं असतं, पण हे हात बघा. नाचकाम लावलंय."

"हात हायेत माझे," मोठी माय म्हणाली. "तुमी नाक घेऊन बसा हितं."

पुढची सगळी भज्जी त्या दोघींनी मिळून केली. नैवेद्य दाखवला. येळवशीला वाटेवरच्या माणसालाही हाक मारून जेवू घालतात, त्यामुळं सगळी एसटी आमच्या कोपीपुढं जेवायला बसली. त्या बाईच्या हातातला आंबिलीचा पेला ओठांपर्यंत जाईना, लुगड्यावर सांडायला लागला. मोठ्या मायनं तो काढून घेतला आणि तिच्या तोंडाला लावला.

"तुमी का न्हाय घेत?" घोट गिळून बाईनं विचारलं.

"मला कुठं काय कळतंय त्यातलं."

"मी सांगते की. घ्या. आंबट हाय, पण दात आंबायचे न्हायत एवढं. लसूण मागनं येतोय. आता भज्जी घ्या. हरभरा कवळा हाय, गोडूस. पातीचा कांदा लागला का दाताखाली? तोच."

मोठी माय डोळे मिटून चावत होती, एखादी कहाणी ऐकावी तशी. "आन् मीठ?" तिनं विचारलं.

"मीठ बराबर."

मोठी माय हसली. आणि तिनं दुसरा घास घेतला.  माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते मी धुराचं म्हणून खपवलं.

गाडी सुरू झाली आणि बाई गेली. नाव-गाव विचारायचं सुचलंच नाही. मोठी माय म्हणते, विचारायचं नसतं. मी यावर वाद घालत नाही. वाद घालणं माझा धंदा आहे, तरी नाही.

आता ती जेवते. थोडं, पण रोज. अट एकच, कुणीतरी शेजारी बसून चव सांगायची. मी घरी असले की ते काम माझं. परवा शेपूच्या भाजीला मी नुसतं "बरी आहे" म्हटलं, तर तिनं घास हातातच धरून ठेवला. "बरी म्हंजी? नीट सांग." मग मी सावकाश चावलं. आयुष्यात पहिल्यांदा शेपू नीट चाखला आणि तिला सांगितला. शरीर एकेक गोष्ट गमावत जातं, तेव्हा ती दुसऱ्याच्या हातून, दुसऱ्याच्या जिभेवरून मागून घ्यायला किती मोठं मन लागतं, हे मला तिच्या शेजारी बसून कळतंय. त्या बाईला ज्यानं कुणी आमच्या बांधावर उतरवलं, त्याच्यापुढं मी हात जोडते. आणि मोठ्या मायला चव सांगण्याआधी माझा घास मी नीट चावते.