रुळावरचं ग्रीस

नव्वदच्या दशकात मी जहाजावरची नोकरी सोडून सिंगापूरच्या एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात लागलो आणि तिथल्या क्लेमेंटी भागात राहू लागलो. आमच्या ब्लॉकमागून मालगाडीचा एक फाटा गेला होता. गाड्या बंद होऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि रूळ कमरेएवढ्या गवतात गडप झाले होते. ब्लॉकमधल्या आम्हा पाच-सहा रिकामटेकड्यांच्या डोक्यात आलं की निदान अर्धा मैल लाइन दुरुस्त करावी आणि रविवारी तिच्यावरून जुन्या ढकलट्रॉलीतून लोकांना फिरवून आणावं. रेल्वेच्या एका साहेबाने बरेच आढेवेढे घेऊन परवानगी दिली. मग दर शनिवारी-रविवारी आम्ही कोयते घेऊन तिथे. मोबदला म्हणजे लाल मुंग्यांचे चावे आणि हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारातल्या, उसाचा रस.

आमचे मुकादम होते तिसऱ्या मजल्यावरचे अंकल. मूळचे तमिळ, पंचवीस वर्षं याच फाट्यावर गँगचे मुकादम म्हणून राबलेले. बोलणं मोजकं आणि नियमाबाहेर एक पाऊल नाही. रुळाखालचा सडलेला लाकडी स्लीपर ते काठीच्या एका टोल्याने ओळखायचे.

एकदा त्यांच्याकडे चहाला गेलो असताना मी त्यांच्या बायकोला, आंटींना, सहज म्हटलं, "तुम्ही तर ट्रॉलीवर खूप फिरला असाल."

"कसली फिरते!" आंटी उसळल्या. "रोज डबा घेऊन लाइनवर जायचे. हा माणूस चालत्या ट्रॉलीवरून हात बाहेर काढायचा, डबा घ्यायचा नि पुढे जायचा. एक दिवस थांबला नाही. घरच्या माणसांना ट्रॉली नाही म्हणे. नियम म्हणे, रूल लाह!"

अंकल खिडकीबाहेर बघत राहिले. मला लिफ्टपर्यंत सोडायला आले तेव्हा हळूच म्हणाले, "तिचे गुडघे गेले. दोन महिन्यांनी आम्ही शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, यिशुनला मुलाकडे जातो, कायमचे. त्याआधी तिला एकदा बसवायचंय."

त्या दिवसापासून मला ट्रॉली म्हणजे घरचं कार्य वाटायला लागलं.

साहेबाची अट एकच होती. उतारावर ब्रेक ओढला की भरलेली ट्रॉली चुन्याच्या रेषेच्या आत थांबली पाहिजे, तरच प्रवासी बसवायचे. चाचणीच्या आदल्या दिवशी अंकलनी मला फिशप्लेटना, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पट्ट्यांना, ग्रीस लावायला सांगितलं. आता मी पडलो बोटीवरचा माणूस. पंधरा वर्षं खाऱ्या हवेत एकच धर्म पाळलेला, की लोखंड दिसलं की खरवडायचं आणि ग्रीस फासायचं. फिशप्लेट संपल्या तरी डब्यात ग्रीस उरलं होतं आणि ते तांबूस, उघडे रूळ मला बघवेनात. उतारावर शंभर पावलं मी रुळांच्या पाठीवर हात फिरवत गेलो, अगदी तान्ह्या पोराला तेल लावावं तसा. वर घरी जाऊन बायकोपुढे फुशारकीही मारली.

दुसऱ्या दिवशी साहेबासमोर ट्रॉली उतारावर सुटली. अंकलनी ब्रेक ओढला. चाकं जागच्या जागी थांबली, ट्रॉली मात्र थांबली नाही. आम्हा चौघांना घेऊन ती रेषा ओलांडून सरसर घसरत गेली आणि रुळांवर आलेल्या केळीच्या बेटात शिरली. कुणाला लागलं नाही. साहेबाने रुळावरून बोट फिरवलं आणि ते काळं बोट आम्हाला दाखवलं.

"प्रवासी विसरा," तो म्हणाला. "ब्रेक धड चालला, तर तुमची कामाची माणसं तेवढी बसू शकतील."

अंकल मला रागावले असते तर फार बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "रुळाची पाठ कोरडी ठेवतात. चाकच तिला घासून चकचकीत ठेवतं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो, बोट सोडलीत तरी तो ग्रीसचा डबा काही सुटत नाही तुमच्या हातून," बायको म्हणाली. "आधी खाली जा आणि आंटींना स्वतः सांगा."

गेलो. मान खाली घालून सगळं सांगितलं. आंटींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कामाची माणसं बसू शकतात ना?"

पुढच्या शनिवारी त्या प्लास्टिकचं स्टूल, चिंध्या आणि रॉकेलची बाटली घेऊन हजर. स्टुलावर बसून वाकायचं, हात पोचेल तेवढा रूळ पुसायचा, मग मी त्यांना धरून उठवायचं आणि स्टूल पुढे सरकवायचं. माझं पाप त्या माउलीने चार शनिवार पुसलं. चौथ्या शनिवारी अंकलनी कामाच्या माणसांच्या हजेरीची वही उघडली आणि वर न बघता स्वतःच्या बायकोचं नाव लिहिलं.

त्यांच्या यिशुनला जाण्याआधीचा शेवटचा रविवार होता. साहेबाने पुन्हा चाचणी घेतली. ट्रॉली रेषेच्या चांगली चार पावलं अलीकडे थांबली. त्याने हजेरी तपासली, आंटींकडे बघितलं, स्टुलाकडे बघितलं आणि मुकाट सही केली.

ट्रॉलीवर पुढच्या माणसाच्या हातात लाल बावटा लागतो, वाटेत काही दिसलं तर थांबवायला. अंकलनी गुंडाळलेला बावटा आंटींच्या हातात दिला. "नुसतं बसायचं नाही," ते म्हणाले, "काम आहे." अंकल ब्रेकपाशी बसले, मी आणि ब्लॉकमधल्या आणखी एकाने मागून ढकलायला सुरुवात केली. आंटी पाठ ताठ करून, नव्या साडीत पुढे बसल्या होत्या.

निम्म्या वाटेवर त्यांनी एकदम बावटा उलगडला आणि उंच धरला. अंकलचा हात आपोआप ब्रेकवर गेला. दोन पावलांत ट्रॉली उभी. आम्ही पुढे बघितलं, तर लाइनीवर साधं कुत्रंसुद्धा नव्हतं.

"काय झालं?" अंकल घाबरून म्हणाले.

आंटींनी शेजारच्या, ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्याकडे बोट केलं. "मी इथे उभी राहायचे," त्या म्हणाल्या. "डबा घेऊन."

माझे डोळे भरून आले. अंकलनी ब्रेक तसाच ओढून धरला. बावटा खाली येईपर्यंत ट्रॉली हलवायची नाही, हा नियम त्यांना पाठ होता. आणि आंटी बावटा खाली घेत नव्हत्या.