आईपुढचा रकाना

"बोल की मग. बोलून दाखव."

गुरुजी मोटारसायकलवरून उतरलेसुद्धा नव्हते. शिरगणतीचा कागद पुढं टाकीवर ठेवून ते आमच्या बौद्धवस्तीतली घरं भरत होते. साल एक्क्याण्णव. नाव, वय, मातृभाषा. आणखी कोणत्या भाषा येतात, या रकान्यात ते कुणालाही न विचारता आडवी रेघ ओढत होते. आई एवढंच म्हणाली होती, "गुरुजी, विंग्रजी बी लिवा. येती मला थोडी."

गुरुजी हसले, तशी जमलेली चार माणसंही हसली. आमचीच माणसं.

आई लहानपणी केडगावला मिशनच्या मडमांच्या स्वयंपाकघरात सात वर्षं कामाला होती. तिथं कानानं शिकली. घरात कोंबडी शिरली की तिला "गेट आऊट" म्हणायची, मला जेवायला इंग्रजीत हाक मारायची. सहामाहीत इंग्रजीत माझा पहिला नंबर आला तो चुलीपुढच्या शिकवणीवर, गुरुजींच्या छडीवर नव्हे.

पण आता तिच्या तोंडून शब्द फुटेना. पदर मुठीत गच्च धरून ती खाली बघत राहिली. मला तिची लाज वाटली. हे मी लपवणार नाही. मीही दाराआडच उभी राहिले. बाप गुरुजींच्या भावाच्या उसात कामाला, आणि माझी नववीची परीक्षा गुरुजींच्या हातात.

"बघा, मडम मुकी झाली," म्हणत त्यांनी रेघेसाठी पेन टेकवलं.

तेव्हा मला सकाळ आठवली. मी पाटलांचं अंगण झाडत होते. हेच गुरुजी ओट्यावर चहा पीत कागद भरत होते. पाटलांचा थोरला दहावीला तीनदा आपटलेला. त्याच्यापुढे यांनी हिंदी आणि इंग्रजी, दोन्ही लिहिलेलं मी झाडता झाडता वाचलं होतं. विचारलंही नव्हतं.

मी बाहेर आले. कागदाची कड धरली.

"गुरुजी, पाटलांच्या थोरल्याला बोलून दाखवाया लावलं व्हतं का?"

आता कुणी हसलं नाही.

"सोड कागद. तुझा बाप कुणाच्या रानात हाय, म्हाईत हाय ना?"

"म्हाईत हाय. आईम्होरं इंग्रजी लिवा."

आता कानाखाली बसणार, असं वाटलं. मी डोळे मिटले, पण कड सोडली नाही. पेन कागदावर चालल्याचा आवाज आला. मी डोळे उघडून वाचलं, मग हात काढला.

आठ दिवसांत बापाचं काम सुटलं. तो म्हणाला, "एका शब्दापायी भाकर घालवलीस, पोरी."

भीती गेली, असं कुणी समजू नये. आजही दारात कुणी कागद घेऊन आला की मी आधी दाराआडच थांबते. तरी मी बाहेर येते. कागद हातात घेते, पहिल्यापासून वाचते. माझ्या माणसांपुढे न विचारता ओढलेली रेघ दिसली, तर ती खोडून घेतल्याशिवाय त्याला दारातून हलू देत नाही.