बारमाही गाबोळी

माझ्या संशोधनाच्या पेपरांना बरीच वर्षं एकच माणूस नेमाने सायटेशन द्यायचा, तो म्हणजे मी. नव्या पेपरात जुन्याचा उल्लेख करायचा, पुढच्यात या दोघांचा. रत्नागिरीत मासळीच्या एका संशोधन केंद्रात मी माशांच्या प्रजननावर काम करतो. अंडाशय कापायचे, त्यांचे पातळ काप काचेवर घ्यायचे आणि अंडी कुठवर पिकली ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. सासरेबुवा पाहुण्यांना ‘जावई सरकारी खात्यात आहेत’ एवढंच सांगतात आणि चटकन आंब्याचा विषय काढतात.

त्यात बढतीची मुलाखत आली. तिथे तुम्ही किती लिहिलंत यापेक्षा दुसऱ्यांनी तुमचं किती वापरलं ते बघतात. याच मुद्द्यावर मी दोनदा हात हलवत परत आलो होतो. या खेपेला मात्र माझ्याकडे खाडीतल्या बोय या माशावरचा पेपर होता.

मिरकरवाड्याच्या बाजारात एकाच बाईकडून दर महिन्याला बोय घेऊन मी वर्षभर तपासली होती. बाराही महिने जवळजवळ सगळ्या माद्या, आणि सगळ्यांच्या पोटात गाबोळी, म्हणजे पिकलेली अंडी. बाकी जगात बोय ठरावीक महिन्यांतच अंडी धरते, आमची मात्र बारमाही. एवढा मोठा शोध आपल्या हातून लागतोय याचं मला आश्चर्य वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही. उलट पेपरात ‘उल्लेखनीय’ हा शब्द मी चार वेळा वापरला.

आणि सायटेशन येऊ लागली. माझ्या बाकीच्या सगळ्या पेपरांना मिळून नव्हती तेवढी या एकट्याला. सकाळी दात घासायच्या आधी मी मोबाइलवर आकडा बघायचो. ऑफिसात पेढे वाटले. एका सहकाऱ्याने विचारलं, “मुलगा की मुलगी?” म्हटलं, “सायटेशन.” त्याने पेढा परत ठेवला.

मुलाखतीला आठवडा उरला होता. बायको शाळेत मराठी शिकवते. ती म्हणाली, “एवढे लोक तुझं नाव घेतात, पण काय म्हणून घेतात ते वाचलंस का?”

“आकडा वाचतो की.”

“अरे, माझं नावही दहावीची पोरं रोज घेतात.”

मग एकेक पेपर उघडून तिला मराठीत सांगू लागलो. ‘याच्या अगदी उलट...’ ‘आम्हाला मात्र असं आढळलं नाही...’ ‘हा निष्कर्ष कशावरून काढला ते कळत नाही...’ एकाने तर नमुने कसे घेऊ नयेत याचं उदाहरण म्हणून मला घेतलं होतं. “म्हणजे तू प्रसिद्ध आहेस,” असं म्हणून ती तोंडावर ओढणी धरून आत गेली. बराच वेळ स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज आला नाही, हसण्याचा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाजार गाठला.

“मावशी, तुमच्याकडची बोय नेहमी गाबोळीचीच कशी असायची?”

“असायची नाय सायब, मी ठेवायची. पयल्याच दिवशी तुमी एकेकीचं पोट दाबून बगलंत. म्हटलं, सायबाला गाबोळीची हौस हाय. मग तशाच निवडून ठेवायची. सपाट पोटाच्या जायच्या बाकीच्या गिऱ्हाइकांना.”

“आणि हंगाम नसायचा तेव्हा?”

“तवा बंदरभर फिरायला लागायचं. हिच्या टोपलीतली एक, तिच्या टोपलीतल्या दोन. कधी कधी तुमाला दहा वाजेपर्यंत थांबवायची, आठवतं?”

आठवत होतं. वहीत त्याची नोंदही मी केली होती, ‘भरतीमुळे विलंब’.

“लागली ना पण चांगली? तळून खाल्लीत की कालवणात?”

इथे मी खोटं बोलायला हवं होतं. “औषधात घालून ठेवली, मावशी. बरण्यांमध्ये. अजून आहे.”

तिने कोयता खाली ठेवला. शेजारणीला म्हणाली, “ऐकलंस गो? वर्षभराची गाबोळी. बरणीत.” दोघी मग माझ्याकडे सांत्वनाला आल्यासारख्या बघत राहिल्या.

मुलाखतीत अध्यक्षांनी फाइल उघडली. “या पेपरला चांगला प्रतिसाद दिसतो.” तेवढ्यावर गप्प बसलो असतो तर बढती झालीच होती, ती सायटेशन कसली आहेत हे त्या खोलीत माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. मी तोंड उघडलं ते ‘धन्यवाद’ म्हणायला. बाहेर पडलं, “सर, ते सगळे मला चूक ठरवतायत.” मग थांबता येईना. मावशी, टोपल्या, बरण्या, सगळं सांगून टाकलं. देशावरच्या एका सदस्यांना हसता हसता चष्मा काढून पुसावा लागला. अध्यक्ष हसले नाहीत. “आधी दुरुस्ती छापा,” ते म्हणाले, “आणि पुढच्या वर्षी घेऊन या.”

झालं, पुन्हा वर्षभर बोय. या खेपेला न बघता, हाताला येतील त्या द्या असं मावशीला सांगितलं, तर तिला राग आला. “न बगता? मी? लोक म्हणतील, डोळे गेले हिचे.” शेवटी तोडगाही तिनेच काढला. टोपली माझ्यापुढे सरकवून ती पाठ फिरवून बसायची आणि मी डोळे मिटून मासे उचलायचे. अख्खा बाजार काम सोडून बघायचा. एकदा टोपलीत नांग्या उगारलेली कुर्ली होती. त्या दिवशी नमुना तिने घेतला, माझ्या बोटाचा.

आमची बोयही चारचौघींसारखीच हंगामी निघाली. दुरुस्ती छापून आली. ती हातात घेऊन मुलाखतीला गेलो आणि बढती घेऊन आलो. तसाच बाजारात जाऊन मावशीला बातमी सांगितली.

“कशाबद्दल दिली?”

“चूक केली होती, ती कबूल केली म्हणून.”

मावशीने जरा विचार केला. टोपलीवर पाणी शिंपडत म्हणाली, “मग आता दुसरी कधी?”