चिंध्या बांधलेली कणसं

परतूर स्टेशनावर उतरलो तेव्हा मावसभाऊ दिगंबर बैलगाडी घेऊन उभाच होता. जालन्याच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे मी पुण्याच्या कचेरीत चिकटलो, तो आष्टीच्या कोरडवाहू रानात राहिला. माझ्या अंगात नवा लोकरी कोट, त्याच्या खांद्यावर विरलेलं घोंगडं. आणि वर मीच विचारतोय, "थंडी वाजत नाही का रे?"

वाटभर मी महागाईचं रडगाणं लावलं. "तुमचं बरं आहे बुवा, सगळं घरचं. आम्हाला कोथिंबिरीची काडीसुद्धा विकत!"

"बराबर हाय," दिगंबर हसून म्हणाला.

रानात त्यानं आणि वहिनींनी माझ्यासाठी आगटी (हुरडा भाजायची गोवऱ्यांची शेकोटी) पेटवली. पाऊस कमी झाल्यामुळे ज्वारीची कणसं बारीक होती. बांधाजवळची काही मात्र चांगली टपोरी होती आणि त्यांच्या ताटांना लुगड्याच्या चिंध्या बांधल्या होत्या. मला वाटलं, पाहुण्यांसाठीच खूण केलीय.

"लेका, चांगला माल लपवतोस होय? ती काढ की!"

दिगंबरनं वहिनींकडे एकदा पाहिलं आणि विळा घेऊन गेला.

काय तो हुरडा! मिटक्या मारत खाल्ला. पोट भरल्यावर तर अर्धवट चोळलेली कणसं टाकून दिली. वहिनी वाकून मातीतल्या चिंध्या गोळा करत होत्या.

"वहिनी, चिंध्या कशाला हव्यात?"

"पुढल्या साली लागत्यात, भावजी. बियाण्याला राखलेल्या कणसान्ला बांधाया."

टाकून दिलेल्या कणसांकडे माझी नजर गेली. कोवळं कणीस तोडलं की त्याचं बियाणं होत नाही, एवढं मलाही कळत होतं.

"मला बोलला का नाहीस?" मी उलटा दिगंबरवरच चिडलो.

"पाव्हण्याला न्हाई कसं म्हणावं? इतक्या लांबून आल्तास."

"जालन्याहून दुसरं बियाणं घेऊन देतो."

"मिळंल की. पर आपल्या रानात कमी पाण्यावर हेच येतं. आबापासून जपलंय." त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

निघताना त्यानं उरलेली कणसं फडक्यात बांधून दिली. "पोरान्ला." नको म्हणायलाही मला तोंड राहिलं नव्हतं. गाडीत ते गाठोडं मांडीवर घेऊन बसलो, खिडकीबाहेर बघवेना.

पुण्यात बायकोनं ती तव्यावर भाजली. पोरं तुटून पडली.

"कित्ती गोड! जास्त का नाही आणलीत?" बायको म्हणाली. "त्यांचं बरं आहे, सगळं घरचं."

"गप्प बस!" मी असा खेकसलो की पोरांचे हात थांबले.

ती बिचारी बघतच राहिली. बोलली होती ती माझंच वाक्य.