साकवावरून आधी गाय गेली

आमचा पाडा पेठच्या बाजूला, धबधब्याच्या अगदी डोक्यावर. पावसाळ्यात ओढा फुगला की आम्ही अलीकडे आणि दवाखाना पलीकडे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ओढ्यावर लोखंडी साकव, पायी जायचा पूल, झाला. त्याची खडी-वाळू आम्ही बायकांनी डोक्यावरून वाहिली, हे मी आजही ताठ मानेने सांगते. पण दिवाळीत वाघबारशीला, गुरे राखणाऱ्या वाघदेवाची पूजा झाल्याशिवाय त्यावर पाय ठेवायचा नाही, असे ठरले होते. आमच्याकडे नवे भातही देवाला दाखवल्याशिवाय कोणी तोंडात घालत नाही.

त्याच वर्षी श्रावणात माझी लेक पहिल्या बाळंतपणाला सातपूरहून माहेरी आली होती. एके सकाळी कळा लागल्या, दुपार झाली तरी सुटका होईना. सुईणीने हात टेकले, पेठला न्या म्हणाली. ओढा दुथडी भरून वाहत होता. माझे थोरले दीर पाड्याचे भगत, देवाचे सारे तेच बघत. ते साकवाच्या तोंडाशी येऊन थांबले. देव कोपला तर साऱ्या पाड्याची गुरे जातील, ही त्यांची भीती काही खोटी नव्हती. झोळीत लेक कण्हत होती आणि मी मनातल्या मनात देवाशी भांडत होते. एवढी वाळू वाहून घेतलीस ती नुसती बघायला का, असे त्याला विचारले.

तेवढ्यात आमची तांबडी गाय, जी गोठ्यासमोरच्या फळीलाही बुजायची, ती माझ्या शेजारून निघाली आणि सरळ साकवावरून पलीकडे गेली. जावई म्हणतो, तिला तिकडचा चारा दिसला असेल. म्हणू दे. दीरांनी टोपी काढून हात जोडले.

"वाघदेव राखतो ती गाय पुढं गेली," ते म्हणाले. "आता कोनाला इचारायचं नाय. उचला पोरीला."

झोळी आम्ही बायकांनीच खांद्यावर घेतली. खाली पाणी कड्यावरून कोसळत होते, पण साकव जराही हलला नाही. मधोमध आल्यावर माझे भांडण सरले. आमच्याने झाले तेवढे केले, आता ही तुझी, एवढेच देवाला म्हटले आणि छाती हलकी झाली. पलीकडे जीप मिळाली. संध्याकाळी पेठला नात झाली, मायलेकी सुखरूप.

वाघबारशीला सारा पाडा साकवावर जमला. नारळ भगतानेच फोडायचा, अशी आमची रीत. दीरांनी तो माझ्या हातात दिला. तो मी आधी नातीच्या कपाळाला लावला, मग फोडला. साकवाचा अभिमान मला आहेच. पण त्या दिवशी मी सारे देवावर सोडले आणि त्याने ते झेलले, त्याचा जास्त आहे.